दोन अंश

"चुंबक दोन अंश फिरव," तिने चालकाला सांगितलं.

काचेपलीकडच्या दालनात उडालेले कण वळवून मोजणारा, दुमजली घराएवढा चुंबक रुळांवरून कुरकुरत सरकला. नियंत्रणकक्षात सगळे उभे होते. बसले होते ते फक्त सर आणि त्यांच्या पत्नी, काकू. निवृत्तीनंतर सात वर्षांनी सर इथे आले होते, तेही तिच्याच आमंत्रणावरून.

पडद्यावर दोन शिखरं होती. उजवीकडचं उंच शिखर म्हणजे पापणी लवायच्या आत विरून जाणाऱ्या एका हलक्या अणुकेंद्रकाचं वस्तुमान. डावीकडचं बुटकं म्हणजे त्याच केंद्रकाची उत्तेजित अवस्था. दोन्ही सरांनी शोधलेली. त्या अवस्थेला तर पुस्तकांतून त्यांचंच नाव होतं.

"यातलं तुमचं कुठलं हो?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही." सर लाजल्यासारखे हसले. "पण धाकटं जरा जास्त लाडकं."

चौदा वर्षांपूर्वी, सरांची विद्यार्थिनी असताना, याच खोलीत तिने हेच दोन अंश मागितले होते. ज्या पापुद्र्यावर कणांचा किरण आदळतो त्यात ऑक्सिजनची भेसळ असली, तर कोन बदलताच त्या भेसळीचं शिखर सरकतं. खरी अवस्था जागची हलत नाही. दोन तासांचं काम. "संशय माझ्या मोजणीवर आहे की माझ्यावर?" सरांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं टेबल रिकामं करून घेतलं होतं.

आता ती या विभागाची प्रमुख होती. मागच्याच महिन्यात तिने एकटीने मोजून पाहिलं होतं. उत्तर पत्राने कळवता आलं असतं.

किरण सुरू झाला. पडद्यावर ठिपक्याला ठिपका लागत गेला. उंच शिखर होतं तिथेच उभं राहिलं. बुटकं चांगलं बोटभर डावीकडे उगवलं.

चालक उगाचच बटणं पुसू लागला. सर काठी टेकत उठले आणि पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले.

"आणखी एक अंश," ते म्हणाले.

"म्हणाल तितके, सर."

ते आणखी सरकलं.

"तुला कधी कळलं?"

"महिना झाला."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"तुमचीच अवस्था. तुमच्यादेखत नको का पाहायला?"

काकू एकदा सरांकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. "काय गं, हललं का ते?"

"हो काकू. इतक्या वर्षांत कुणी हलवूनच पाहिलं नव्हतं."

"अगंबाई!" काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी लगबगीने पिशवीतून फोन काढला. "अहो, हलू नका, तिथेच उभे राहा. नातीला पाठवते." पण फोनमधला कॅमेरा काही त्यांना सापडेना.

"द्या काकू, मी काढते."

सर आणि ते सरकलेलं शिखर दोन्ही चौकटीत येतील, अशी ती दोन पावलं मागे गेली. मागचे लोक भिंतीला चिकटले.

"हसा, सर."

सर हसले.

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि फोन तिच्या हातात परत दिला.

"आणखी एक काढ गं. यांचे डोळे मिटलेत."