दोन बोटांचा फरक

होडीत पाणी शिरलंच तर ते अर्ध्यातच अडावं, म्हणून मिस्त्रींनी होडीच्या पोटात आडभिंत बसवायला घेतली. होडी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. नेहमीच्या सवयीने त्यांनी पुठ्ठ्यावर फक्त डाव्या बाजूचं वळण उतरवलं आणि तोच पुठ्ठा उलटा करून उजवी बाजू आखली.

"बाबा, दोन्ही बाजू मोजा ना," लेक म्हणाली.

"मी बांधलेली होडी आहे ती! डावं-उजवं तसूभर इकडचं तिकडे व्हायचं नाही."

भिंत डावीकडे चपखल बसली आणि उजवीकडे अडकली. मिस्त्रींनी आधी करवतीला नावं ठेवली, मग लाकडाला, मग भिंत धरून उभ्या असलेल्या लेकीला. तिने टेप लावून दोन्ही बाजू मोजल्या.

"बाबा, भिंत बरोबर आहे. होडीच उजवीकडे दोन बोटं अरुंद आहे. म्हणून तर ती कायम उजवीकडे कलते!"

काठावर भाजी निवडत बसलेल्या बायकोचे हात थांबले. होडी कलली की मिस्त्री गेली तीस वर्षं तिलाच म्हणत आले होते, "वजन आवर जरा." ती उतरल्यावरही होडी कलली, तर म्हणायचे, "सवय लागलीय होडीला तुझी." आणि ती बिचारी बिनसाखरेचा चहा पीत आली होती.



"चहा टाक गं," ती लेकीला म्हणाली, "आणि माझ्या कपात तीस वर्षांची साखर घाल!"