न केलेला व्यायाम

"गुडघे वाकवा. पाठ ताठ. मागे खुर्ची आहे असं समजून बसा," शिवणवाली म्हणाली आणि समोरच्या बायका कण्हत, खिदळत खाली बसल्या.

सोफा भिंतीला सरकवला होता, शिलाई मशीन दाराआड ढकललं होतं. हे सगळं नणंदेचं डोकं. "वहिनीने घरच्या घरी एवढं वजन उतरवलं, आम्हालाही शिकव की!" म्हणून तिनेच इमारतीतल्या बायका गोळा केल्या होत्या.

व्यायाम शिवणवालीने कधीचाच सोडला होता. "तुमचं शरीर इन्शुलिनला जुमानत नाहीये. रोज हातपाय हलवा, वजन उतरवा, नाहीतर साखर चढेल," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा तिने जोरात सुरुवात केली. मग शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर पडलं आणि सगळं बंद झालं. आता वजन वाढायला हवं होतं. ते उतरायला लागलं. स्वतःच्याच कपड्यांना आतून टिपा घालून घालून ती थकली. कितीही पाणी प्यायलं तरी घसा कोरडाच. सुईचं नेढं दिसेना. तिची आई अशीच आटत गेली होती. तेव्हाही लोक म्हणत होते, बाईने तब्येत काय राखलीय!

बाई झिजायला लागली की लोकांच्या नजरेत भरते.

नवरा दारात छाती फुगवून उभा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो तिच्याकडे टक लावून बघायला लागला तो आत्ता. म्हणून तर खरं सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

"हे बघा," नणंदेने तिचा दंड चिमटीत धरला. "हाताला काही लागतंय का? नुसतं हाड!"

"अजून पाचेक किलो," नवरा म्हणाला. "मग बास."

अजून पाचेक किलो. आता कुठून जाणार ते? तिने भिंत धरली.

"मी व्यायाम करत नाही," ती म्हणाली. बायका अर्ध्यातच अडकल्या. "कधीच सोडलाय. आपोआप उतरतंय. थांबतच नाहीये. मला भीती वाटतेय हो. मला डॉक्टरकडे न्या."

नणंद फिस्सकन हसली. "घ्या! गुपित फोडायला नको म्हणून काय काय सोंगं!"

बायका खो खो हसल्या. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि तोही हसला.

तळमजल्यावरची जाडी मावशी तेवढी हसली नाही. धापा टाकत ती पुढे आली. तिने शिवणवालीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. गालाची हाडं, गळ्याचे खड्डे, सैल बांगड्या. शिवणवालीला वाटलं, हिला कळलं.

मावशीने घाम पुसला आणि हात जोडले.

"बये, तुला जे काय झालंय ना, ते मला पण होऊ दे गं."