चार वाजताचं वाचन

खालच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियर बरोबर चारला आले. दार नुसतं लोटलेलंच होतं. पायपुसण्यावर पाय घासून ते आत आले, शिलाई मशीनजवळच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पेपर उघडला.

"काल कुठवर आलो होतो, वहिनी?"

"पुलापर्यंत. ठेकेदार पळाला होता."

"आज सापडला की!"

"अगं बाई! कुठे?"

"सासुरवाडीला."

ती काजं करता करता हसली.

आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून तिचा नवरा ऐकत होता. छत्तीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथे एकाने मूळ प्रत मोठ्यांदा वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापील कागद ताडून पाहायचा. निवृत्तीला दोन महिने उरले होते. साठलेली रजा वाया जाऊ नये म्हणून तो आठवडाभर घरी राहिला होता. आजचा तिसरा दिवस. तिन्ही दिवस कॅशियर चारला आले, तिन्ही दिवस त्यांनी पाऊण तास वाचलं, आणि तिन्ही दिवस ती हसली. पेपर त्याने सकाळीच वाचलेला असे; कॅशियर शब्द गिळत होते, ओळी गाळत होते, एका बातमीची शेपटी दुसरीला जोडत होते.

ते गेल्यावर तो बाहेर आला.

"चौदा."

"काय चौदा?"

"चुका. पाऊण तासात चौदा. एक अख्खा परिच्छेद खाल्ला त्यांनी."

"चुकतात," ती म्हणाली. "पण वाचतात."

तो उभाच राहिला. खुर्चीत बसावंसं त्याला वाटेना.

"रोज येतात?"

"त्यांची बायको गेल्यापासून. दोन वर्षं झाली. उठलाच आहात तर त्यांचा कप तेवढा विसळून टाका."

निळा कप. तो पाहुण्यांसाठी ठेवला आहे अशी त्याची आजवर समजूत होती. कप हातात घेऊन तो म्हणाला,

"मुदतवाढीचा फॉर्म उद्या पाचच्या आत द्यायचाय. दोन वर्षं, निम्म्या पगारावर. काय करू?"

"कशाला हवी मुदतवाढ? भागेल आपलं. तुमचं पेन्शन, फंडाचं व्याज, माझं शिवणकाम. छताची गळती काढूनसुद्धा भागतं. कॅशियरांनी मांडून दिलंय सगळं."

नळ तसाच वाहत राहिला.

"माझा फंड किती आहे, हे त्यांना सांगितलंस?"

"आधी तुम्हालाच विचारलं होतं. चारदा. तुम्ही 'बघू' म्हणालात."

"अगं, पण परक्या माणसाला..."

"मला आताशा बारीक अक्षर दिसत नाही. काजं सवयीने होतात, पेपर वाचता येत नाही. हे त्या परक्या माणसाला ठाऊक आहे." तिने दातांनी दोरा तोडला. "तुम्हाला होतं?"

त्याने नळ बंद केला. कप पुसला, पालथा घातला, पुन्हा सुलटा केला.

"सहीच करतो मग. दोन वर्षं तरी तुमच्या वाचनात माझी अडचण नको."

"करा. पेन मशीनच्या खणात आहे."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो फॉर्म खिशात घालून निघाला. ती एवढंच म्हणाली, "येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणा."

चारला पाच मिनिटं कमी असताना दार लोटलं गेलं.

"आज लवकर, भाऊजी?" मान वर न करता तिने विचारलं. आवाजात हसू होतं. इतक्या वर्षांत रोज संध्याकाळी दार उघडलं गेलं, पण हा आवाज त्याच्या वाट्याला आला नव्हता. तो क्षणभर उंबऱ्यातच थांबला. मग आत आला, दार लावलं आणि कडी घातली.

तिने वर पाहिलं. आवाज बदलला.

"तुम्ही होय. फॉर्म दिलात?"

त्याने रीळ मशीनवर ठेवलं आणि खुर्चीत बसला. गादी दुसऱ्याच कुणाच्या मापाने दबलेली होती. त्याने काखेतला पेपर उघडला, घसा खाकरला.

"पूल प्रकरणातील फरार ठेकेदार स्वल्पविराम ज्याला परवा सासुरवाडीत अटक झाली स्वल्पविराम त्याने काल न्यायालयात..."

सुई थांबली. तिने ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायला लागले. काय झालं ते त्याच्या उशिरा लक्षात आलं. मोठ्यांदा वाचायची दुसरी रीतच त्याला ठाऊक नव्हती.

"राहू दे," तो पुटपुटला आणि पेपर मिटू लागला. तेव्हा तिला त्याच्या खिशातून डोकावणारी फॉर्मची घडी दिसली. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"ऑफिस पाचला बंद होतं ना?"

"हो."

"इथून पाऊण तास लागतो."

"हो."

जिन्यावर पावलं वाजली. पायपुसण्यावर पाय घासले गेले. दार ढकललं गेलं, उघडलं नाही. पुन्हा ढकललं गेलं. मग बेल वाजली.

तिने कडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो पुन्हा पेपरमागे गेला होता. फक्त कान दिसत होते, लालबुंद.

"वहिनी? आहात ना घरात?"

"आले हं, भाऊजी!" तिने दाराच्या दिशेने ओ दिली. पण उठली नाही. सुई पुन्हा कापडात खुपसली आणि हळूच म्हणाली,

"स्वल्पविराम. पुढे?"