रेषेवरचा चेंडू

ज्या टेनिस सामन्याला पंच नसतो, त्यात चेंडू आत पडला की बाहेर, हे ज्या बाजूला तो पडला तेथील खेळाडूनेच सांगावयाचे असते. तेथे न्याय खेळणाऱ्याच्या जिभेवर सोपविलेला असतो. ती जीभ घरच्याच माणसाने फितवावी, यासारखे दुसरे पातक नाही.

नेरूळच्या मैदानावर, कोर्टाच्या कुंपणाच्या जाळीबाहेर, रणजीत आपल्या कन्येला, उत्कर्षेला, ती आणि तिची प्रतिस्पर्धी संघप्रिया या दोघींच्या खेळातील भेद समजावीत होता. जिंकणारीला राज्य संघाच्या निवड चाचणीत स्थान मिळणार होते.

"ताकद तुझी जास्त. तुझी सर्व्हिस तिला झेपणार नाही. पण फॉर्म तिचा आहे, हे मान. संघप्रियानं अजून एक सेट गमावला नाही. मागं उभी राहून सगळं परत देते, आणि बॅकहँड बरोबर लाइनवर टाकते."

"मग मी नेटवर जाते, पप्पा."

"जा की. पण चेंडू लाइनवर पडला रे पडला, की बोट वर. आउट!"

उत्कर्षेने रॅकेट पिशवीतून अर्धवटच काढली होती. तिचा हात थांबला. "लाइनवरचा तर आत धरतात. तरी?"

"लाइनवरचा कुणाला दिसतोय? दिघ्याहून एकटी आलीय पोरगी, घरचं कुणी नाही सोबत. भांडणार कोण?"

कोर्टातून संघप्रियाने हाक मारली, "उत्कर्षा, ये ना गं! किती वेळ?"

उत्कर्षेचे कान लाल झाले. "तुम्ही मला हे सकाळी उठवून शिकवायला आणलंत?"

"आवाज खाली! दोन वर्षं घासतेयस, ते काय हरायला? मोठी साध्वी लागून गेलीस. कुणाची लेक आहेस तू?"

"तुमचीच. त्याचाच राग येतोय."

तिने रॅकेट ओढून घेतली, पिशवी त्याच्या पायांशी टाकली आणि ती थेट रेफरी मंजुषाताईंच्या टेबलापाशी गेली.

"मॅडम, आमच्या मॅचला अंपायर पाहिजे."

"या फेरीला नसतो गं. का? तिच्यावर शंका आहे?"

"नाही. माझ्या बाजूच्या लाइन बघायला पाहिजे."

"उत्कर्षा!" रणजीत मागून एवढ्या जोराने ओरडला की शेजारच्या कोर्टावरचा खेळ क्षणभर थांबला. तिने वळून पाहिले नाही. जिंकण्याची इच्छा मात्र तिच्याही डोळ्यांत तशीच होती.

मंजुषाताईंनी एकवार जाळीकडे, त्या पित्याकडे पाहिले. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि कोर्टावर उत्कर्षेच्या बाजूला नेऊन ठेवली.

दोन्ही कन्यांचे कल्याण असो. आणि जाळीला बोटे रुतवून उभ्या असलेल्या त्या पित्याचेही.