हात तुमचाच

डॉ. खानविलकर आज स्वतःच टेबलावर आडवे होते. घसा बधिर केलेला, तोंडातून दुर्बिणीची नळी थेट श्वासनळीत गेलेली. छातीतल्या गाठीचा तुकडा काढायला त्यांचीच विद्यार्थिनी शलाका उभी होती. तिने हातात तो यांत्रिक हातमोजा चढवला होता, खानविलकरांच्या हजारो बायोप्सी टिपून त्यांच्या बोटांची सवय उचललेला. देशभरचे शिकाऊ डॉक्टर आता तोच चढवून शिकत. घालणाऱ्याची बोटं हातमोजाच हलवायचा.

नळीच्या टोकाला सोनोग्राफी होती; तिच्या समोरच्या पडद्यावर एक काळा गोळा आला. गाठ की रक्तवाहिनी? सुई टोचण्याआधी रंगाचं बटण दाबायचं आणि आत वाहतं रक्त दिसलं की थांबायचं, हा पहिल्या दिवसाचा धडा. खानविलकरांनी ते बटण वीस वर्षांत दाबलं नव्हतं. त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं.

आज कळेना.

शलाकाची बोटं बटण ओलांडून सरळ सुईकडे गेली. खानविलकरांनी जिवाच्या आकांताने हात उचलला. सिस्टरने तो हळूच दाबून धरला.

"घाबरू नका, सर," शलाका मायेनं म्हणाली, "हात तुमचाच आहे."