सव्वाआठचं पाणी

रोज रात्री आठच्या टीव्हीवरच्या चर्चेत राजकीय विश्लेषक म्हणून बसणाऱ्या ताईंची खोड सगळ्यांना पाठ झाली होती. समोरच्याने कितीही कोंडीत पकडलेलं असो, बरोबर सव्वाआठला त्या बोलणं थांबवायच्या आणि कॅमेऱ्याकडे बघत सावकाश पाणी प्यायच्या. त्यावर विनोद फिरायचे. कालच संपादकांनी बजावलं होतं, "पुन्हा असं झालं, तर तुमच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल."

आज नेमकं सव्वाआठलाच समोर बसलेल्या पक्षप्रवक्त्याने टेबलावर हात आपटला. "हो की नाही, एवढंच सांगा!"

ताईंनी पेला उचलला.

"बघा! अडचणीचा प्रश्न आला की बाईंच्या घशाला कोरड पडते!"

स्टुडिओत हशा पिकला. ताईंनी पेला रिकामा करूनच खाली ठेवला.

***

घरी टीव्हीसमोर, सांभाळणाऱ्या मावशींनी ताईंच्या वडिलांपुढे हृदयाची गोळी धरली, "आजोबा, ताई प्यायल्या, आता तुम्ही", आणि लेकीने पाणी घेतल्याशिवाय गोळीला हात न लावणाऱ्या त्या हट्टी म्हाताऱ्याने ती मुकाट गिळून पडद्यासमोर आ करून दाखवला, "गेली बघ, बये! आता काढ त्याची खरडपट्टी."