बर्फातला नवरदेव

स्टुडिओतला हिरवा पडदा आणि काजलच्या अंगावरची हिरवी साडी, दोन्हींचा रंग अगदी सारखा होता. मयुरीने ते पाहिलं आणि कॅमेरा लावायला घेतला.

"मॅडम, लग्नात दाखवाचा व्हिडिओ आहे. मागं बर्फाचे पहाड पाहिजे," काजलचा होणारा नवरा पंकज म्हणाला. "हिरव्या पडद्यावर जमून जाते ना?"

कसलं जमतं! कॅमेऱ्यासमोरचं जेवढं हिरवं, तेवढं कॉम्प्युटर पुसतो आणि तिथे बर्फ भरतो. भर मांडवात नवरीचं नुसतं डोकं तरंगलं असतं आणि पंकजची चांगलीच शोभा झाली असती. मयुरीला तेच हवं होतं. याच माणसाने तिच्या थोरल्या बहिणीशी, गोपिकाशी, साक्षगंध करून "पोरगी काळी आहे" म्हणत ठरलेलं लग्न मोडलं होतं. साक्षगंधाच्या पंगतीत मयुरीने त्याला आग्रह करकरून जिलबी वाढली होती. आज त्या मेल्याने तिला ओळखलंसुद्धा नाही.

पण हसं होणार होतं या पोरीचं. "साडी बदलता येईल काय?" मयुरीने विचारलं.

"नाही जी," काजल म्हणाली. "सासूबाईनं साक्षगंधात दिली. हीच नेसाची आहे."

"अन् मॅडम, हिले जरा गोरी करून देजा," पंकज तिच्यासमोरच म्हणाला. "कॉम्प्युटरवर होते ना सगळं?"

काजलने मान खाली घातली. मयुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती उठली. हिरवा पडदा काढून तिने निळा लावला. पंकज गळ्यापासून बुटापर्यंत निळ्याच सुटात होता.

"आता जमते?"

"आता एकदम जमते. उभे राहा, हलू नका."

कॅमेरा सुरू झाला तशी तिने काजलला हाक मारली. "ये, पाहून घे."

कॉम्प्युटरवर पांढराशुभ्र डोंगर होता. त्यावर पंकजचं मुंडकं अधांतरी लटकत होतं आणि खाली हातांचे दोन पंजे. मुंडकं मोठ्या ऐटीत हसत होतं.

काजलचा हात तोंडावर गेला. तिने मयुरीकडे पाहिलं. मयुरीने नजर हटवली नाही. या पोरीने एक शब्द काढला की सगळं फिसकटणार होतं.

"काय झालं?" पंकजने तिकडून विचारलं. "काही बदलाचं आहे काय?"

काजलने पदर खांद्यावर नीट घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही मस्त दिसून राहिले."